सुपाची शपथ

“तुमच्यातला विडीवालीचा पोरगा कोण?” हिरेमठ सरांनी विचारलं.

आमच्या शाळेत हा प्रश्न म्हणजे विहिरीत डोकावून ‘ओला कोण आहे’ विचारण्यासारखा होता. सोलापूरच्या पूर्व भागातली शाळा, निम्म्या वर्गाच्या आया घरी बसून विड्या वळायच्या. पण त्या वेळी खेळाच्या खोलीमागं भिंतीला पाठ लावून आम्ही तिघंच उभे होतो. मल्लिनाथच्या वडलांचं कडब्याचं दुकान, तौफिकच्या वडलांचं सायकलचं. उरलो मी.

हात वर करायचा नाही असं मी ठरवलं होतं. हाताला ते कळलं नाही, तो वर गेला.

सरांच्या मुठीत विड्यांचा एक जुडगा होता. सर आम्हाला ड्रिल शिकवायचे. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट आणि दर सोमवारी कडक उपवास. तो सोमवारच होता. ते आम्हाला पकडायला आलेही नव्हते. मधल्या सुट्टीत खोलीमागून फोडणीचा वास आला म्हणून शाळेत पोहे कोण करायलंय ते बघायला आले होते. बघतात तर नववी ‘ब’ची तीन पोरं, आणि तिघांच्या तोंडात विडी.

“ह्याच्यावर लेबल नाही,” जुडगा उलटासुलटा करत सर म्हणाले. “म्हणजे दुकानातला माल नाही, घरचा आहे. उद्या अकरा वाजता आईला घेऊन यायचं. आणि ह्या दोघांनी पण हजर राहायचं.”

जुडगा खिशात घालून सर गेले. मल्लिनाथनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मयतीला आलेले लोक ठेवतात तसा.

खरं तर एका वाक्यात मी तिथंच सुटलो असतो. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण ते मल्लिनाथ आणि तौफिकच्या देखत बोलणं शक्य नव्हतं. त्यासाठी आधी अम्माच्या शपथेबद्दल सांगायला पाहिजे.

नायना, म्हणजे माझे वडील, चादरीच्या कारखान्यात मागावर होते. दिवसभर मागाचा खडखडाट आणि संध्याकाळी दारात बसून विडी. विडी विकत आणायची गरजच नव्हती. अम्मा विड्या वळायची त्या सुपात हात घालायचा आणि उचलायची. ‘घरचा माल’ असं ते अभिमानानं सांगायचे, लोक घरच्या लोणच्याबद्दल सांगतात तसं. मी पाचवीत असताना त्यांना खोकला लागला तो सुटेना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं की कुठली विडी ओढता. नायना म्हणाले, “ही वळते ती.” डॉक्टरांनी अम्माकडं बघितलं. नुसतं बघितलं.

त्या दिवशी घरी आल्यावर अम्मानं मांडीवर घ्यायचं ते सूप उचललं, देवापुढं ठेवलं आणि तेलुगूत बोलली. मी मराठीत सांगतो; त्यातला श्रीनू म्हणजे मी.

“ह्यांच्या छातीत माझ्याच हातची विडी गेली. पोटासाठी वळली, पुढंही वळीन. पण श्रीनूच्या तोंडाला विडी लागली तर त्याच दिवशी हे सूप खाली ठेवीन. मग घर चालू दे नाहीतर बसू दे.”

घर त्या सुपावरच चालायचं. नायनांचा माग गेला होता, ते आता एका गोदामावर राखणीला बसायचे, आणि तिथंही खोकल्यामुळं चोराला लांबूनच अंदाज यायचा. औषधं, भाडं, तांदूळ, माझी शाळा, सगळं अम्माच्या मांडीवरच्या त्या सुपातून यायचं.

आणि शपथेच्या बाबतीत अम्माचा लौकिक फार वाईट होता. मी तीन वर्षांचा असताना एका लग्नात माझी अत्त, म्हणजे आत्या, चार बायकांत म्हणाली होती की आमच्या नरसम्माला नवरा नसला तरी चालेल, चहा पाहिजे. अम्मानं हातातली बशी खाली ठेवली आणि त्या क्षणापासून चहा सोडला. त्याला अकरा वर्षं झाली होती. आमच्या घरात चहाची पूड यायची नाही. पाहुण्याला ताक मिळायचं. थंडीत, पावसात, पहाटे, केव्हाही ताक. नायना चहाला कोपऱ्यावर जायचे, तेही चोरून, दुसरी बायको केल्यासारखे. एवढ्याशा बोलण्यावरून जी बाई अकरा वर्षं चहाला शिवली नाही, ती सूप खाली ठेवीन म्हणाली तर ठेवणार, यात मला शंका नव्हती.

असं असताना मी विड्या घेऊन शाळेत का गेलो, हा प्रश्न रास्त आहे.

नववीला माझी तुकडी बदलली. नव्या वर्गात मला कुणी ओळखत नव्हतं आणि ओळख करून घ्यायची कुणाला घाईही नव्हती. दोन महिने मी पाण्याच्या टाकीच्या पायरीवर एकटा बसून डबा खाल्ला. टाकीला नळ सहा होते आणि त्यातला तिसरा गळायचा, एवढी माहिती मी त्या काळात मिळवली. मल्लिनाथ आणि तौफिक ही वर्गातली मोठी माणसं होती. मल्लिनाथला मिशी फुटली होती आणि आपण सहावीपासून ओढतो असं तो सांगायचा. हिरेमठ सर मधल्या सुट्टीत सायकल स्टँडमागं हेडक्लार्कबरोबर विडी ओढतात, ते त्यानं पाहिलं होतं. सर जसे डोळे बारीक करून, मान तिरकी करून धूर सोडायचे, हुबेहूब तसा तो सोडायचा. तौफिकला धुराची वेटोळी काढता यायची, पण वारा नसला तरच. सोलापुरात वारा कायमच असतो.

एक दिवस मल्लिनाथ टाकीपाशी आला आणि म्हणाला, “तुझी अम्मा वळते ना बे? मग इथं काय एकटा बसलास, आमच्यात ये की.”

त्याला माझ्यात रस नव्हता, अम्माच्या सुपात होता, हे कळण्याइतका मी शहाणा होतो. पण ‘ये की’ हे दोन शब्द मला दोन महिन्यांत कुणी म्हटले नव्हते.

घरी जाऊन मी विचार केला, वकील करतात तसा. अम्माच्या हातची विडी उचलायची नाही, ती शपथेत पहिली आली. बाजारची घ्यायची नाही, तीही विडीच. मग राहतं काय? आपण स्वतः वळलेली, तंबाखू नसलेली विडी. तिला विडी म्हणायचं का? मी माझ्या बाजूनं निकाल दिला.

वळणं मला येत होतं. जन्मल्यापासून समोर तेच चाललेलं. तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीनं कापायची, चिमूटभर भुकटी पसरून गुंडाळी करायची, बारीक टोकाला दोरा, जाड टोक नखानं आत मुडपायचं. फाटकी, चिरलेली पानं अम्मा बाजूला काढायची आणि पाणी तापवताना जाळायची. ती मी घेतली. आत काय भरायचं यावर चार दिवस गेले. तुळस सुचली, पण तिच्यासमोर रोज हात जोडून तिलाच पेटवणं बरं वाटेना. शेवग्याचा पाला पेटेना. शेवटी स्वयंपाकघरातला ओवा आणि उन्हात वाळवून चुरलेला कडीपत्ता, दोन भागास एक भाग, हे प्रमाण बसलं. रंग तंतोतंत तंबाखूसारखा. पान खरंच तेंदूचं, त्यामुळं पहिला वासही विडीचाच यायचा. नंतर मात्र कुणीतरी आमटीला फोडणी दिल्यासारखं वाटायचं.

पहिल्या दिवशी मी जुडगा खिशात घेऊन खोलीमागं गेलो. मल्लिनाथनं विडी पेटवली, डोळे बारीक केले, मान तिरकी केली आणि धूर सोडला. मी मार खायच्या तयारीत होतो.

“हा अस्सल माल बे,” तो म्हणाला.

तौफिकनं एक झुरका मारला, खोकला दाबला, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि सांगितलं की डोक्यात जाऊलालंय. मग मल्लिनाथ म्हणाला की दुकानातल्या विडीत असला जोर नसतो, कारखानदार चांगला तंबाखू घरी वळणाऱ्यांनाच देतात, हे त्याला काकाकडून माहीत आहे.

इथं कुणीही शहाणा पोरगा ओळखतो की काय चाललंय. मी ओळखलं नाही. का, तर मी कारागिराच्या घरातला. माल खपला की आमच्यात एकच विचार येतो: माल चांगला झाला. मला वाटलं, मी शोध लावला. सहावीपासून ओढणाऱ्याला जो फरक कळला नाही असा तंबाखू मी ओव्यापासून तयार केला. पुढं मोठा झाल्यावर ह्याचा कारखाना काढावा, असं माझ्या मनात येऊन गेलं. अम्माला मुकादम नेमायचंही ठरलं.

मी स्वतः धूर गालात धरून सोडून द्यायचो. ओवा असला तरी तोंड शपथेतलं होतं. ते दोघं खरे ओढणारे, मी एकटा खोटा, आणि हे त्यांना कळता कामा नये, एवढीच काळजी मला महिनाभर होती. बाकी दिवस फार चांगले गेले. मला कुणीतरी हाका मारायचं. वर्गात माझ्यासाठी जागा धरून ठेवलेली असायची. तौफिकनं माझ्या सायकलची चेन फुकट बसवून दिली.

आणि मग तो उपवासाचा सोमवार आला.

आता ते वाक्य. ‘सर, ह्यात तंबाखू नाही.’ एवढं म्हटलं की अम्माचं सूप वाचत होतं. पण एवढं म्हटलं की मी महिनाभर ह्या दोघांना फोडणी पाजली हे उघड होत होतं, आणि मी पुन्हा टाकीच्या पायरीवर, गळक्या नळाशेजारी. म्हणून त्या दिवशी मी गप्प बसलो.

संध्याकाळी अम्माला सांगितलं की सरांनी बोलावलंय. कशाला, तिनं विचारलं. मी म्हटलं, लेझीमबद्दल. तिनं मान हलवली. तिची बोटं थांबली नव्हती, ती कधीच थांबायची नाहीत. बोलताना, भांडताना, दारातून जाणाऱ्या वरातीकडं बघताना पानं आपोआप गुंडाळली जायची. मी समोर बसून त्या बोटांकडं बघत राहिलो. उद्या ही थांबणार. आतल्या खोलीत नायना खोकले. अम्मानं सूप बाजूला न करताच पाय लांबवून तांब्या त्यांच्याकडं सरकवला.

ते बघून माझं ठरलं. टाकीची पायरी तर टाकीची पायरी.

दुसऱ्या दिवशी अम्मा विडी कारखान्याच्या ब्रँचला माल देऊन तशीच शाळेत आली, काखेत विड्यांची रिकामी पाटी. खेळाच्या खोलीत भिंतीला लेझमी टांगलेल्या होत्या आणि कोपऱ्यात उंच उडीची गादी होती. सरांनी अम्माला खुर्ची दिली. ती बसली नाही. आम्ही तिघं ओळीत उभे राहिलो, उंचीप्रमाणं, सवयीनं.

सर दहा मिनिटं बोलले. कोवळी छाती, वाईट संगत, देशाची तरुण पिढी, आणि ज्या आईच्या हातून हे विष घराघरांत जातं तिनं निदान आपल्या घरी तरी कुलूप लावावं. हे शेवटचं ऐकताना अम्माच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त पाटी तिनं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. मग सरांनी खिशातून जुडगा काढून टेबलावर ठेवला. अम्मानं जुडग्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. असं बघणं मी एकदाच पाहिलं होतं. तेव्हा ते डॉक्टरांच्या डोळ्यांत होतं.

“सर, त्यात तंबाखू नाही,” मी म्हणालो.

“काय बोलायलास बे,” मल्लिनाथ शेजारून पुटपुटला.

“ओवा आहे, सर. आणि कडीपत्ता. मी भरलाय.”

बोलून झालं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सर माझ्याकडं कीव आल्यासारखं बघत होते.

“श्रीनिवास, खोटं बोलायचं तर निदान पटेल असं बोलावं,” सर म्हणाले. “मी काल ह्यातली एक स्वतः ओढून तपासली. बावीस वर्षं ओढतोय मी. हा अस्सल तंबाखू आहे. उलट जरा जास्तच कडक आहे. काय रे मल्लिनाथ?”

मल्लिनाथच्या चेहऱ्यावर अपमान दिसत होता. आयुष्यभराच्या अनुभवावर कुणीतरी ओव्याचा आरोप केला होता. “कडक आहे सर,” तो म्हणाला. “मला दोनदा गरगरलं. घरी भिंत धरून गेलो.”

“माझ्या जिभेला फोड आला सर,” तौफिक म्हणाला आणि त्यानं जीभ बाहेर काढून दाखवली.

माझ्या बाजूनं कुणीच नव्हतं. तीन जाणकारांनी एकमतानं साक्ष दिली होती. आयुष्यात पहिल्यांदा धीर करून खरं बोललो आणि ते मतदानात पडलं.

अम्मा पुढं झाली. तिनं पाटी खाली ठेवली, जुडग्यातली एक विडी उपसून घेतली आणि उजेडाकडं धरली. दोन बोटांत फिरवली, दाबली, टोक बघितलं.

“सर, ही माझ्या हातची नाही,” ती म्हणाली.

“बाई, पोराला पाठीशी घालू नका.”

“पाठीशी नाही घालत. हा दोरा बघा, उलटा फिरवलाय. टोक बघा कसं मुडपलंय, चपातीची कड दुमडल्यासारखं. पोटात ढिली. असली विडी घेऊन ब्रँचला गेले तर चेकर मला लायनीतनं बाहेर काढील.”

एवढ्या संकटातही ते मला लागलं. तो माझा सगळ्यात चांगला जुडगा होता.

मग तिनं नखानं दोरा तोडला आणि सरांच्या हजेरीपटावर पान उलगडलं. आतून करडे बारीक दाणे आणि हिरवट चुरा सांडला. अम्मानं चिमूट उचलली, हुंगली आणि सरळ तोंडात टाकली. आम्ही चौघं तिच्या चावण्याकडं बघत होतो.

“ओवा,” ती म्हणाली. “आमच्याच डब्यातला. मीठ लावून भाजते मी.”

बाहेर मैदानात सातवीचा वर्ग सरांची वाट बघत लेझमीशिवाय लेझीम खेळत होता. सरांनी हजेरीपटावरचा एक दाणा बोटानं इकडून तिकडं नेला.

“पण मी काल ओढली,” ते म्हणाले. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, त्या दाण्याला सांगितलं.

अम्मानं त्यांच्याकडं नीट बघितलं. नायनांचा खोकला ऐकत तिची इतकी वर्षं गेली होती. ओढणारा माणूस कसा श्वास घेतो ते तिला डॉक्टरांइतकं कळायचं. आजारी माणसाला विचारावं तसं तिनं हळूच विचारलं, “सर, धूर आत घेता का हो तुम्ही?”

सरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली.

“नाही,” ते म्हणाले. “गालात धरतो.”

मग ते गादीच्या कडेवर बसले आणि त्यांनी सांगितलं. नोकरीला लागले तेव्हा शाळेतल्या सगळ्या गोष्टी सायकल स्टँडमागं ठरायच्या. कुणाला कुठला तास, कुणाची ड्यूटी, कुणाची रजा. हेडक्लार्क, दोन जुने मास्तर आणि विड्या. सर बिचारे नुसतेच जाऊन उभे राहायचे. “हात कुठं ठेवायचे तेच कळायचं नाही,” सर म्हणाले. म्हणून एक विडी घेतली. एकदा घेतल्यावर, नको म्हणायला काही कारण सुचेना. बावीस वर्षं सुचलं नाही. घरी गेल्यावर कपड्यांचा वास येतो म्हणून बायको बोलायची. तिलाही खरं सांगितलं नव्हतं, कारण न ओढता वास येतो हे कुठली बायको मानेल.

मल्लिनाथनं घसा खाकरला.

“सर, मी पण गालातच धरतो.”

मी त्याच्याकडं बघितलं. त्याची मिशी एकदम लहान वाटायला लागली.

“तुम्ही कसं करता ते बघून बघून शिकलो,” तो सरांना म्हणाला. “मला वाटलं, असंच ओढतात.”

“आणि गरगरलं ते?” मी विचारलं.

“गरगरायला पाहिजे असं ऐकलं होतं बे.”

तौफिकचं आणखी वेगळं होतं. तो विडीत ओढतच नव्हता, उलटा आतून फुंकायचा. टोक लाल व्हायचं, काम भागायचं. जिभेचा फोड खरा होता, पण तो गरम चहाचा होता. वेटोळ्यांचं विचारलं तर म्हणाला, “वारा असतो की.”

“मी पण गालातच,” मी म्हणालो. मागं राहायला नको म्हणून.

मल्लिनाथ मटकन गादीवर बसला, सरांच्या शेजारी, शिक्षक-विद्यार्थी काही न बघता. “मला ते सोसतच नव्हतं बे,” तो म्हणाला. “रोज घरी जायच्या आधी लिंबू चोखायचो. दात आंबलेत सगळे.” आणि तो हसायला लागला. मग तौफिक. मग सर, आधी शिट्टी तोंडात धरून, आणि हसू अनावर झाल्यावर ती शिट्टीच वाजली. बाहेरचा सातवीचा वर्ग सावधान झाला.

अम्मा हसली नाही. ती उरलेल्या विड्या एकेक करून उलगडत होती आणि आतला माल पदराच्या टोकात गोळा करत होती.

“म्हणजे चार गड्यांनी मिळून महिनाभर माझा ओवा जाळला,” ती म्हणाली. “आणि मी म्हणायची, ह्यांचं पोट एवढं का बिघडायलंय, डबा रोज कसा खाली व्हायलाय.”

ही गोष्ट मुख्याध्यापकांपर्यंत न्यायची गरज नाही, असं सर म्हणाले. अम्मा म्हणाली, हेडक्लार्कपर्यंत पण नको. सरांनी तिला वाकून नमस्कार केला. पुढं ते सायकल स्टँडमागं जायचे ते भाजलेले शेंगदाणे घेऊन, आणि महिन्याभरात दोघा जुन्या मास्तरांनीही विडी सोडून शेंगदाणे धरले. हेडक्लार्क तेवढा खरा ओढणारा निघाला.

आम्ही तिघं दुसऱ्या दिवशी सवयीनं खोलीमागं गेलो. हात रिकामे. काय करायचं कळेना. तौफिकनं डबा उघडला, मग आम्हीही उघडले. ते अजून चालू आहे म्हटलं तरी चालेल; मल्लिनाथ आता कडब्याचं दुकान बघतो, आणि मी गावाला गेलो की आम्ही तिघं त्याच्या दुकानामागं बसून खातो.

पण त्या दिवसाचं थोडं राहिलंय.

शाळेतून आम्ही निघालो. पुढं ती, मागं मी. मी मागून माझा वकिली मुद्दा मांडत होतो: तुझ्या हातची नव्हती, तंबाखू नव्हता, धूर आत गेला नाही, म्हणजे शपथ तीन ठिकाणी शाबूत आहे. ती नुसती चालत होती. घराची गल्ली आली तरी वळली नाही, सरळ ब्रँचच्या रस्त्याला लागली. मला वाटलं, झालं. विडी कामगाराचं कार्ड परत करायला चालली.

ब्रँचसमोर चहाची एक गाडी होती. अम्मा तिच्यापाशी थांबली आणि पाटी खाली ठेवली. रस्त्यावर उभी राहून तिनं एकदा डोळ्यांना पदर लावला, तो ओव्याचा पदर, त्यामुळं डोळे चुरचुरले आणि मग पाणी कशाचं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

चहावाल्यानं वर बघितलं.

“नरसम्मा, आज दुसऱ्यांदा?” तो म्हणाला. “नेहमीचाच ना, आलं जास्त?”

अम्मानं मान हलवली. “ह्याला पण एक दे,” ती म्हणाली.

मी मनात अकरा वर्षांची ताकं मोजायला लागलो. चहावाल्यानं तिला काचेचा पेला दिला नाही, गाडीखालून एक कानाचा कप काढून दिला. तो तिचा स्वतःचा कप होता. कान तुटून पुन्हा चिकटवलेला होता, म्हणजे बरीच वर्षं तिथं असणार.

तिनं चहा बशीत ओतला आणि फुंकर घातली. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. ही गालात धरत नव्हती, घटाघटा आत घेत होती.

“अम्मा,” मी विचारलं, “मग ती सुपाची शपथ पण...?”

तिनं बशी संपवली, पदरानं तोंड पुसलं आणि पाटी काखेत मारली.

“ती मोडून बघ एकदा,” ती म्हणाली.

बारा वर्षं झाली. अजून बघितलेली नाही.